अंगठ्याचे दुखणे आणि हृदयाचा प्रच्छन्न विकार

(संस्थेच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



कार्यकारी मंडळाने यंदाच्या संमेलनात चार शब्द बोलण्याची आज्ञा केली, तेव्हा आम्ही प्रथम ‘मातृभाषेतील शिक्षण’ असा विषय कळविला होता. जन्मभर खडू-फळ्याशी संबंध आलेल्या शिक्षकाकडून दुसऱ्या विषयाची अपेक्षाही कोणी केली नसती. परंतु गेल्या महाप्रसादाच्या दिवशी पंगतीत एक प्रसंग घडला आणि आम्ही विषय बदलून घेतला. आमच्या समोरच्या रांगेतील एका गृहस्थांना पाटावर मांडी घालून बसवेना, म्हणून त्यांना खुर्ची देण्यात आली. त्यांच्या उजव्या पायाचा अंगठा पिकल्या टोमॅटोसारखा लाल झालेला होता. शेजारच्या गृहस्थांनी विचारपूस केली, सदऱ्याच्या खिशातून गोळ्यांची पट्टी काढली आणि त्यांतील दोन गोळ्या तोडून त्यांच्या हातावर ठेवल्या. “संध्याकाळपर्यंत चालू लागाल,” असे वर सांगितले. मंडळी हसली. बासुंदीची वाटी पुन्हा भरली गेली. आम्हांस मात्र पुढचा घास गिळवेना. कारण अशाच गोळ्या अशाच आपुलकीने आम्ही स्वतः एका माणसास सहा वर्षे दिल्या होत्या, आणि तो माणूस आज नाही.

आम्ही वैद्य नव्हे, डॉक्टर नव्हे. शिक्षणाने केवळ मॅट्रिक आहोत. जे सांगणार आहोत ते वाचून, विचारून आणि ज्ञातीतील एका अनुभवी डॉक्टरांकडून तपासून घेऊनच सांगणार आहोत. त्यात भाषेचा काही दोष असेल तो आमचा.

ज्या दुखण्यास डॉक्टर मंडळी ‘गाऊट’ म्हणतात, त्याची लक्षणे आपल्या आयुर्वेदातील वातरक्ताशी पुष्कळशी जुळतात. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात या रोगास एक स्वतंत्र अध्याय दिलेला आहे. त्याचे एक नाव ‘आढ्यवात’. आढ्य म्हणजे धनवान. तेव्हा ‘श्रीमंतांचा रोग’ ही थट्टा काही आजची नव्हे. त्याच ग्रंथात या रोगाचे दोन प्रकार सांगितले आहेत, एक ‘उत्तान’, म्हणजे त्वचा व मांस यांतच राहणारा, आणि दुसरा ‘गंभीर’, म्हणजे खोलवर शिरलेला. सुश्रुताचार्यांनी तर असे म्हटले आहे की, हा रोग पायांत मूळ धरतो आणि उंदराच्या विषाप्रमाणे हळूहळू सर्व देहात पसरतो. प्राचीनांना हृदयाच्या रोहिणींचा आजचा रोग ठाऊक होता, असा दावा आम्ही करणार नाही. असे दावे करणाऱ्यांची ज्ञातीत वाण नाही. तथापि पायाचे दुखणे पायापुरते नसते, एवढे त्यांनी नेमके हेरले होते, आणि तेवढेच आम्ही विसरलो.

रोगाची घडण थोडक्यात अशी. शरीरातील पेशी झिजतात व नव्या होतात. त्या उलाढालीतून, आणि काही अंशी अन्नातून, यूरिक अ‍ॅसिड नावाचा पदार्थ तयार होतो. बहुतेक सस्तन प्राण्यांत त्याचे आणखी विघटन करणारे एक विकर असते. मनुष्यप्राण्याने व वानरकुलातील त्याच्या जवळच्या नातलगांनी ते लाखो वर्षांपूर्वी गमावले. त्यामुळे आपल्याला हा पदार्थ मुख्यतः लघवीवाटे आणि काही प्रमाणात आतड्यांवाटे बाहेर टाकावा लागतो. मूत्रपिंडे त्यात उणी पडली की तो रक्तात साचतो. १०० मिलिलिटर रक्तद्रवात सुमारे ६.८ मिलिग्रॅमच्या पुढे तो विरघळून राहू शकत नाही, आणि त्याचे सुईसारखे बारीक स्फटिक सांध्यांत जमतात. पायाचा अंगठा हृदयापासून दूर व शरीराच्या मानाने थंड, म्हणून पहिला मान बहुधा त्याचा. एखाद्या रात्री रक्तातील पांढऱ्या पेशी या स्फटिकांवर तुटून पडतात आणि दाह पेटतो. ज्याला हा ठणका ठाऊक आहे, त्याला पायावर चादरीचा स्पर्शही का सोसत नाही हे सांगावयास नको. १९६१ साली अमेरिकेतील मॅकार्टी व हॉलंडर या दोघा डॉक्टरांनी सांध्यातील द्रवात हे स्फटिक सूक्ष्मदर्शकाखाली दाखविले, आणि निदानाचा प्रश्न सुटला. आठ-दहा दिवसांत सूज उतरते, मनुष्य पूर्ववत चालू लागतो आणि रोग गेला असे समजतो. येथेच फसगत होते.

आमचे धाकटे बंधू, ज्यांना ज्ञातीत सर्वजण नाना म्हणून ओळखत, त्यांना पहिला झटका २०११ साली आला. एका लग्नाहून ते घरी आले आणि मध्यरात्री उठून बसले. सकाळी आम्ही त्यांचा अंगठा पाहिला व हसलो. “लग्नात आहेर पायाला मिळाला,” असे म्हटल्याचेही आम्हांस स्मरते. आमच्या गुडघ्यासाठी घरात वेदनाशामक गोळ्या असत. त्यांतील आम्ही दिल्या. दुसऱ्या दिवशी आराम पडला. पुढे वर्षातून दोन-तीनदा हा प्रकार होऊ लागला आणि प्रत्येक वेळी नाना आमच्या कपाटाशी येत. एका दवाखान्यात रक्त तपासून घेतले. यूरिक अ‍ॅसिड वाढलेले निघाले. डाळ, टोमॅटो, पालक वर्ज्य करण्यास सांगण्यात आले. नानांनी ते निष्ठेने पाळले. सहा वर्षे त्या माणसाने तुरीच्या डाळीचे वरण खाल्ले नाही. मासळी मात्र चालू होती, कारण तिच्याविषयी कोणी काही बोलले नव्हते.

२०१७ च्या कार्तिकात त्यांना फार मोठा झटका आला. घोटाही सुजला. ते पंधरा दिवस अंथरुणावर होते. आम्ही गोळ्या पुरवीत होतो. बरे वाटू लागल्यावर तिसऱ्या आठवड्यात एके पहाटे ते दूध आणण्यास गेले, जिन्यात बसले, आणि रुग्णालयाच्या दारापर्यंतच पोहोचले. वय ५४. छातीत दुखते अशी तक्रार त्यांनी कधी केली नव्हती.

तेरावे झाल्यावर ज्ञातीतील एका डॉक्टरांनी त्यांची कागदपत्रे मागविली. त्यांनी जे सांगितले ते आम्ही येथे आमच्या भावजयबाईंच्या संमतीने सांगत आहोत. त्या समोर बसलेल्या आहेत. त्या फाईलीत यूरिक अ‍ॅसिडचे अकरा अहवाल होते. कोलेस्टेरॉलचा एकही नव्हता. रक्तातील साखर एकदा पाहिलेली होती. रक्तदाब एकाच चिठ्ठीवर, कोपऱ्यात, १६०/१०० असा लिहिलेला होता, आणि त्याच्याकडे लिहिणाऱ्याने, नानांनी किंवा आम्ही पुन्हा पाहिलेले नव्हते. अकरा वेळा आम्ही अंगठ्याची चौकशी केली. ज्याचा तो अंगठा होता त्याची एकदाही केली नाही.

आता डॉक्टरी जगास याविषयी काय ठाऊक आहे ते पाहू. अमेरिकेच्या मॅसेच्युसेट्स राज्यात फ्रेमिंगहॅम नावाचे एक गाव आहे. तेथील ५,२०९ स्त्री-पुरुषांची प्रकृती १९४८ पासून वर्षानुवर्षे नोंदविण्यात आली आणि हृदयविकाराविषयीचे आपले पुष्कळसे ज्ञान त्या वह्यांतून आले. १९८८ मध्ये त्याच नोंदींवरून असे प्रसिद्ध झाले की, गाऊट असलेल्या पुरुषांत हृदयाच्या रोहिणींचा विकार इतर पुरुषांच्या मानाने सुमारे ६० टक्के अधिक आढळला. २०२२ मध्ये इंग्लंडातील नॉटिंगहॅमच्या संशोधकांनी गाऊटच्या ६२ हजारांहून अधिक रुग्णांच्या नोंदी तपासल्या. ज्यांना हृदयविकार वा पक्षाघात झाला, त्यांच्या बाबतीत आधीच्या ६० दिवसांत सांध्याचा झटका येऊन गेलेला असण्याचा संभव, ज्यांना तसे काही झाले नाही त्यांच्या मानाने जवळजवळ दुप्पट होता. पुढचे ६० दिवसही संभव अधिकच होता, परंतु उतरता. तो निबंध वाचून समजावून घेताना ‘६० दिवस’ या शब्दांशी आम्ही थांबलो. नानांचा तिसरा आठवडा होता.

असे का व्हावे? सांध्यात पेटलेला दाह सांध्यात कोंडून राहत नाही. त्याची द्रव्ये रक्तावाटे सर्वत्र फिरतात. हृदयाच्या रोहिणीत मेदाचा थर मुळातच साचलेला असेल, तर या दाहाने तो कमकुवत होऊन फुटण्याचा व तेथे रक्ताची गुठळी धरण्याचा धोका वाढतो, अशी उपपत्ती आहे. ऑस्ट्रियातील इन्सब्रुक येथे २०१९ मध्ये विशिष्ट प्रकारच्या सीटी यंत्राने तपासणी केली, तेव्हा गाऊटच्या ५९ रुग्णांपैकी ५१ जणांच्या रोहिण्यांत यूरिक अ‍ॅसिडच्या क्षारासारखे साठे दिसले. गाऊट नसलेल्या ४७ जणांत ते केवळ सातांत दिसले. यंत्राचा तो दृष्टिभ्रम असावा, असेही काही तज्ज्ञांचे म्हणणे आहे. त्याखेरीज उच्च रक्तदाब, मधुमेह, लठ्ठपणा आणि मूत्रपिंडांचा अशक्तपणा ही मंडळी गाऊटच्या सोबत नेहमी वावरत असतात, आणि त्यांतील प्रत्येक जण हृदयाचा वैरी आहे.

येथे एक शंका कोणी विचारील, आणि ती रास्त आहे. यूरिक अ‍ॅसिड हेच हृदयविकाराचे कारण असेल, तर ते उतरविले म्हणजे काम झाले! तसे दिसत नाही. ब्रिटनमध्ये हृदयाच्या रोहिणींचा विकार असलेल्या, परंतु गाऊट नसलेल्या सुमारे ५,७०० लोकांवर अ‍ॅलोप्युरिनॉल या औषधाचा प्रयोग झाला. २०२२ मध्ये त्याचा निकाल लागला. हृदयास लाभ झाला नाही. म्हणून प्रयोगशाळेच्या ‘पॅकेज’मध्ये एखादा आकडा तांबड्या शाईत आला, पण सांधा कधी दुखला नाही, तर त्या आकड्यासाठी सहसा औषधाची आवश्यकता नसते. चोरीच्या घरासमोर दर वेळी दिसणाऱ्या मनुष्यास फौजदार आधी प्रश्न विचारतो. तोच चोर आहे असे ठरवीत नाही, पण त्याला तसाच सोडूनही देत नाही. गाऊटशी वागावयाचे ते असे. युरोपातील संधिरोगतज्ज्ञांच्या संघाने २०१६ मध्ये स्पष्ट सांगितले आहे की, गाऊटच्या प्रत्येक रुग्णाचे मूत्रपिंड, हृदय, रक्तदाब, मेद, मधुमेह, वजन व धूम्रपान यांची पद्धतशीर चौकशी व्हावी. प्रत्येक रुग्णाची, तक्रार असलेल्याची, असे नव्हे.

हा ‘तक्रार नसलेला’ रोग कसा असतो, ते आम्ही स्वतःच्याच देहावर पाहिले. नाना गेल्यानंतर दोन वर्षांनी आमचाच डावा अंगठा सुजला. सांगावयास लाज वाटते, पण आम्ही प्रथम कपाटच उघडले. पुतण्याने हात धरला. तो आम्हांस तपासणीस घेऊन गेला तेव्हा आम्ही रोज दोन मैल चालत होतो, जिना चढताना धाप लागत नव्हती, आणि आमची प्रकृती उत्तम असल्याचे आम्ही सर्वांस सांगत होतो. रक्तदाब वाढलेला निघाला. कोलेस्टेरॉल वाढलेले निघाले. हृदयाचा आलेख निर्दोष होता, त्यावर आम्ही घरी परतणार होतो. परंतु डॉक्टरांनी मानेतील रोहिणींची सोनोग्राफी करविली आणि दोन्ही बाजूंस मेदाचे थर दिसले. मानेत जे आहे ते हृदयाच्या रोहिणींतही असण्याचा संभव मोठा, असे त्यांनी सांगितले. स्पेनमधील अलिकान्ते येथील डॉक्टरांनी गाऊटच्या रुग्णांची अशीच सोनोग्राफी केली, तेव्हा साध्या हिशेबाने कमी धोक्याचे वाटलेले अनेक जण अतिधोक्याच्या गटात गेले होते. ही तपासणी सर्वांनाच लागते असे नाही. ते डॉक्टरांनी ठरवावयाचे. रक्तदाबाचा पट्टा मात्र कोणालाही बांधता येतो.

आता त्या गोळ्यांविषयी. हा भाग आम्ही आवरता घेणार नाही. आपल्या घरांतून डायक्लोफिनॅक व त्या जातीच्या वेदनाशामक गोळ्या फुटाण्यांसारख्या वाटल्या जातात. त्यांनी ठणका थांबतो हे खरे. परंतु त्या शरीरात पाणी व क्षार अडवितात, रक्तदाब चढवितात, मूत्रपिंडांस इजा करू शकतात आणि हृदयविकाराचा धोका वाढवितात. हृदयाचा गंभीर विकार असलेल्यांना डायक्लोफिनॅक देऊ नये, असा निर्णय युरोपच्या औषध नियामकांनी २०१३ मध्येच दिला. ज्येष्ठ मंडळींना आकाशात घिरट्या घालणारी गिधाडे आठवत असतील. गुरांना दिलेले हेच औषध मेलेल्या गुरांच्या मांसातून गिधाडांच्या पोटात गेले, त्यांची मूत्रपिंडे निकामी झाली आणि यूरिक अ‍ॅसिडची पांढरी भुकटी त्यांच्या हृदयावर, यकृतावर, आतड्यांवर साचली. एका परीने ती गिधाडे गाऊटनेच मेली. हे २००४ मध्ये सिद्ध झाले, २००६ मध्ये भारत सरकारने गुरांसाठी त्या औषधावर बंदी घातली. तोवर तीन जातींची ९० टक्क्यांहून अधिक गिधाडे नाहीशी झाली होती. मनुष्याचे शरीर गिधाडाचे नव्हे, आणि माणसांना ते औषध अद्याप रीतसर दिले जाते. पण ज्याचे हृदय व मूत्रपिंड कसे आहे हे आपण पाहिलेले नाही, त्याच्या हातावर पंगतीत बसून गोळी ठेवू नये, एवढे त्यातून समजण्यास हरकत नाही.

ठणक्यावर डॉक्टरांपाशी दुसरी औषधेही आहेत. त्यांतील कोल्चिसिन विशेष लक्षात घेण्याजोगे. पावसाळ्यात कोकणातील कुंपणांवर अग्निज्वाळेसारखी फुले येणारी कळलावी आपण सर्वांनी पाहिली आहे. तिच्या कंदात व बियांत हेच द्रव्य असते. कळलावी जहाल विषारी असून तिचा कंद खाऊन माणसे दगावली आहेत, म्हणून घरगुती प्रयोगाचा विचारही कोणी करू नये. या द्रव्याच्या अल्प मात्रेने हृदयरोग्यांस लाभ होतो असे २०१९ व २०२० मधील दोन मोठ्या प्रयोगांत दिसले, तर २०२४ मधील एका प्रयोगात, हृदयविकाराच्या झटक्यानंतर लगेच दिलेल्या रुग्णांत, तसे दिसले नाही. पंडितांचा वाद चालू आहे.

झटके वारंवार येत असतील, तर यूरिक अ‍ॅसिड उतरविणारे औषध घ्यावे लागते आणि ते ६ च्या खाली राखावे लागते. औषध लहान मात्रेने सुरू करतात. आरंभीच्या महिन्यांत झटके कधी कधी वाढतात, तेव्हा औषध बाधले असे समजून ते सोडू नये. आम्ही दोनदा सोडले व दोनदा पस्तावलो. फेबुक्सोस्टॅट हे औषध घेणाऱ्यांनी हृदयाचा पूर्वेतिहास डॉक्टरांस अवश्य सांगावा, कारण २०१८ च्या एका प्रयोगात त्याने हृदयविकाराचे मृत्यू अधिक दिसले होते. २०२० च्या दुसऱ्या प्रयोगात तसे आढळले नाही. रक्तदाबावरील लघवीच्या काही गोळ्यांनी आणि हृदयासाठी दिलेल्या लहान अ‍ॅस्पिरिननेही यूरिक अ‍ॅसिड वाढते. हे ऐकून कोणी घरी जाऊन अ‍ॅस्पिरिन बंद करील, तर आमचे व्याख्यान व्यर्थच नव्हे, घातक झाले असे होईल. डॉक्टरांस विचारल्यावाचून काहीही बंद करू नये.

भोजनाविषयी भगिनींस दोन शब्द. वरणाचा बिचाऱ्याचा दोष फार थोडा. अमेरिकेतील हजारो पुरुषांच्या पाहणीत २००४ मध्ये असे आढळले की, मांस व मासळी अधिक खाणाऱ्यांत गाऊट अधिक, डाळी-भाज्यांचा तसा संबंध दिसला नाही, आणि दूध-ताक घेणाऱ्यांत गाऊट कमी. तेव्हा तारली, सुके बांगडे, कलेजी यांवर हात आखडावा. बियर व बाटलीतील गोड पेये वर्ज्य करावीत. वरणभात सुखाने वाढावा. आणखी असे की, हा रोग पुरुषांचा समजतात, पण पाळी गेल्यावर तो स्त्रियांनाही होतो. सासूबाईंचा घोटा एकाएकी सुजून लाल झाला तर ‘मुरगळला असेल’ म्हणून लेप लावून गप्प बसू नये. झटक्याच्या ऐन दिवसांत रक्तातील आकडा कधी कधी नेहमीसारखाही येतो; तो पाहून रोग नाही असे ठरवू नये, सूज उतरल्यावर पुन्हा तपासावा.

आमची कार्यकारी मंडळास एक विनंती होती, आणि ती मान्य झाली आहे. येत्या पौष महिन्यातील आरोग्य तपासणी शिबिराच्या छापील अर्जात एक नवीन रकाना घातला आहे: ‘पायाचा अंगठा अथवा घोटा कधी एकाएकी सुजून लाल झाला होता काय?’ ज्यांचे उत्तर ‘होय’ असेल, त्यांचा रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल व मूत्रपिंडाचे काम हे सारे पाहिले जाईल आणि पुढे काय करावयाचे ते डॉक्टर ठरवतील. ज्यांना खर्च झेपणार नाही, त्यांच्यासाठी नानांच्या नावे आमच्या भावजयबाईंनी काही रक्कम चिटणिसांकडे दिली आहे. तिची वाच्यता करू नये असे त्यांचे म्हणणे होते. ते आम्ही मोडले, याबद्दल त्यांनी क्षमा करावी.

येताना जुने कागद सर्व आणावेत, अंगठ्याचेच नव्हेत. घरात ज्या गोळ्या असतील त्यांच्या पट्ट्याही आणाव्यात. रक्त उपाशीपोटी द्यावयाचे आहे. चहा व पोह्यांची व्यवस्था त्यानंतर सभागृहाच्या मागील बाजूस केलेली आहे.